हिटलरच्या चुका पुरे झाल्या, आता दोस्त राष्ट्रांनी काय केलं तेही सांगा

मराठीतून दुसऱ्या महायुद्धावर व्हिडिओ, रील्स आणि पॉडकास्ट करणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, मी नुसता बघणारा आहे, रात्री जेवणं झाली की तुमच्यातल्या कुणाचा तरी एक एपिसोड होतोच. आधी थँक्यू म्हणतो, कारण आमच्या वेळी शाळेत हे अख्खं युद्ध दोन पानांत उरकायचं, कारणं लिहा, परिणाम लिहा, आणि मधे नक्की काय झालं ते कुणी विचारायचं नाही. तुमच्यामुळे आज माझ्या पुतण्याला स्टालिनग्राड कुठल्या नदीवर आहे ते माहितीये. पण एक तक्रार बरेच दिवस साठलीये, ती आता लिहूनच टाकतो.

तुमच्या बहुतेक व्हिडिओंची स्टोरी एकच असते. हिटलर जिंकतच आला होता पण त्याने चूक केली. डंकर्कला रणगाडे थांबवले ही चूक, रशियात घुसला ही चूक, थंडीचे कपडे नेले नाहीत ही चूक, अमेरिकेवर युद्ध पुकारलं ही तर महाचूक, आणि मग शेवटची पाच मिनिटं बर्लिन, बंकर, संपलं. अहो मग तोपर्यंत दोस्त राष्ट्रं काय करत होती? समोरचा कधी चुकतोय याची वाट बघत बसली होती का? चुका तर यांनीही ढीगभर केल्या, सिंगापूर घालवलं, १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएपला सहा हजारांच्या आसपास माणसं उतरवली, त्यातली बहुतेक कॅनडाची, आणि सकाळभरात त्यातली निम्म्याहून जास्त मेली, जखमी झाली नाहीतर पकडली गेली. तरी हेच जिंकले. का जिंकले, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

माझी लाइन क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची, म्हणजे दिवसभर कंटेनर, बर्थ, कागद, आणि जहाज लेट झालं की पार्टीचे फोन. त्यामुळे असेल कदाचित, पण मला हे युद्ध रणगाड्यांपेक्षा मालवाहू जहाजांचं जास्त वाटतं. ब्रिटन हे बेट, बरंचसं खाणं बाहेरून, जवळजवळ सगळं तेल बाहेरून, आणि नंतर अमेरिकेचं सैन्य युरोपात न्यायचं तर तेही याच समुद्रातून. अटलांटिकमधली वाट बंद पडली असती तर नॉर्मंडी नाही, इटली नाही, मुर्मान्स्कला जाणारा रशियाचा माल नाही, काहीच नाही. आणि या अटलांटिकवर मराठीत मला आजपर्यंत एक धड व्हिडिओ सापडला नाही. बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका बुडवली त्यावर सापडतात, कारण ती मोठी आणि दिसायला भारी. जर्मन पाणबुड्यांनी रोज पोटात घेतलेली साधी धान्याची, लाकडाची, पेट्रोलची जहाजं कुणाला नकोयत.

आता यात ड्रामा नाही असं म्हणाल तर १९४३ चे फक्त तीन महिने घ्या. मार्चमध्ये एचएक्स २२९ आणि एससी १२२ असे दोन कॉन्व्हॉय (म्हणजे लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात एकत्र जाणारे मालवाहू जहाजांचे ताफे) अमेरिकेकडून ब्रिटनला निघाले, त्यांच्यावर पाणबुड्यांची टोळी तुटून पडली आणि २२ मालवाहू जहाजं बुडाली. लंडनमध्ये नौदलाच्या लोकांना प्रश्न पडला की ही कॉन्व्हॉयची पद्धतच आता संपली की काय. आणि मे महिन्यात? एका महिन्यात चाळीसच्या वर जर्मन पाणबुड्या गेल्या, आणि २४ मेला जर्मन नौदलाचा प्रमुख डोनिट्झने आपल्या पाणबुड्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. आठ-नऊ आठवड्यांत अख्खा डाव उलटला! मग या आठवड्यांत हिटलरने कुठली चूक केली सांगा बरं. एवढं नाव घेण्यासारखं काही नाही. जे झालं ते या बाजूने तीन-साडेतीन वर्षं शिकत आणल्याचं होतं, ते सगळं एकदम जुळून आलं.

काय काय जुळलं ते बघा. अटलांटिकच्या मधोमध एक पट्टा होता जिथे किनाऱ्यावरची विमानं पोचायचीच नाहीत, पाणबुड्या तिथेच दबा धरून बसायच्या. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं हा पट्टा झाकू शकत होती पण ती सगळी बॉम्बफेकीच्या लोकांना हवी होती, समुद्रावर गस्त घालायला द्यायला कुणी राजी नव्हतं, त्या भांडणात कित्येक महिने गेले, शेवटी १९४३ च्या वसंतात ती मिळाली. त्यात छोट्या रडारची भर. हे रडार ज्याच्यावर चालायचं तो मॅग्नेट्रॉन १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी बनवला, आणि ब्रिटनने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पेटीत घालून अमेरिकेला नेऊन दिला. अजून अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती! स्वतःकडचं सगळ्यात मोठं गुपित उचलून दुसऱ्याला दिलं, कारण आपल्या कारखान्यांना एवढं उत्पादन झेपणार नाही हे त्यांना कळत होतं. असलं काही अक्ष राष्ट्रांमधे, म्हणजे जर्मनी-इटली-जपानमधे, झालेलं मला तरी आठवत नाही.

कोड फोडण्याचंही तसंच. तुमच्या प्रत्येक व्हिडिओत ब्लेचली पार्क हे ब्रिटिशांचं कोड फोडायचं ठिकाण आणि तिथला ट्युरिंग असतो, असायलाच पाहिजे, पण त्याच्या आधी पोलंडच्या रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की या तीन गणितवाल्यांनी एनिग्मा, म्हणजे जर्मनांचं कोडचं यंत्र, फोडायला सुरुवात केली होती आणि युद्ध सुरू व्हायच्या महिनाभर आधी, जुलै १९३९ मध्ये, वॉर्सोजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच लोकांना बोलावून सगळं हातात दिलं. महिन्याभराने त्यांचा देशच गेला. पुढे १९४२ मध्ये पाणबुड्यांनी नवीन एनिग्मा घेतली आणि जवळजवळ दहा महिने ब्लेचलीला अटलांटिकमधल्या पाणबुड्यांचं काहीच वाचता येईना. ते सुटलं कसं, तर ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री भूमध्य समुद्रात यू-५५९ ही बुडायला आलेली पाणबुडी पकडली, फॅसन आणि ग्रेझियर असे दोघं तिच्यात उतरले, आतून कोडची पुस्तकं वर दिली, आणि पाणबुडीबरोबर खाली गेले ते परत आलेच नाहीत. तिसरा टॉमी ब्राउन, कँटीनमध्ये काम करणारा पोरगा, तो वाचला. यावर दहा मिनिटांचा व्हिडिओ होत नाही?

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट लिव्हरपूलची. तिथे डर्बी हाउस नावाच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर १९४२ च्या जानेवारीत गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या, टीबीमुळे नौदलातून घरी बसवलेल्या अधिकाऱ्याला एक खोली दिली आणि सांगितलं, पाणबुड्या नक्की काय करतात ते शोध. त्याने जमिनीवर चौकोन आखले, त्यावर छोटी लाकडी जहाजं, खडूने रेषा, आणि हाताखाली नौदलातल्या तरुण मुली, काही तर नुकत्या शाळेतून बाहेर पडलेल्या. समुद्रावरून आलेले कॅप्टन लोक कापडाच्या पडद्यामागे उभे राहून छोट्या फटीतून बघायचे, म्हणजे खऱ्या जहाजावरून जेवढं दिसतं तेवढंच दिसावं, आणि पाणबुडीची रेषा अशा रंगाच्या खडूने काढायची की त्यांना तिथून दिसूच नये. जुन्या हल्ल्यांचे रिपोर्ट असे जमिनीवर परत परत खेळून यांच्या लक्षात आलं की पाणबुड्या लांबून टॉर्पेडो मारत नाहीयेत, त्या रात्री पाण्यावर येऊन मागच्या बाजूने थेट कॉन्व्हॉयच्या आतच घुसतायत, आणि आपली लढाऊ जहाजं मात्र त्यांना बाहेर शोधत फिरतायत! मग त्यावर त्यांनी डाव बसवला, त्याला नाव दिलं रास्पबेरी, नाव सुचवणारी जीन लेडलॉ नावाची मुलगी. पुढे मॅक्स हॉर्टन हा नवा अ‍ॅडमिरल आला, तो पहिल्या महायुद्धातला स्वतः पाणबुडीवाला, तो म्हणाला मी पाणबुडी बनतो, मला पकडून दाखवा. परत परत खेळला आणि परत परत पकडला गेला, समोर खेळणारी जॅनेट ओकेल, वय विशीचं. युद्धाच्या शेवटापर्यंत या खोलीतून हजारो अधिकारी शिकून गेले. डोनिट्झकडे पाणबुडीवाले जिगरबाज होते यात वाद नाही, त्यांच्यातले चारातले तीन परत आले नाहीत, पण समोरचा शिकून येतोय हे त्यांना वेळेवर कळलंच नाही.

जहाजं बुडण्यापेक्षा वेगाने बांधणं हा दुसरा भाग, तो तुलनेने माहितीचा आहे म्हणून पटकन सांगतो. अमेरिकेने लिबर्टी नावाची एकाच साच्याची मालवाहू जहाजं काढली, पहिलं २४४ दिवसांत झालं, नंतर सरासरी दीड महिन्यावर आली, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट पीअरी हे जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात सोडलं (तो शो होता, पण शो करायची ताकद तर होती). एकूण २,७१० बांधली. कॅनडानेही तसलीच बांधली, त्यांची नावं फोर्टवरून.

फोर्ट म्हटल्यावर आपल्या लोकांना एक नाव आठवायला पाहिजे, फोर्ट स्टायकिन. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया डॉक. त्या स्फोटावर तुम्ही व्हिडिओ केलेत, बघितले मी, पण त्यात सोन्याच्या विटा कुठे उडाल्या यावरच सगळा वेळ जातो. हे जहाज कॅनडात प्रिन्स रूपर्टला १९४२ मध्ये बांधलेलं, लेंड-लीजखाली, म्हणजे अमेरिकेच्या उसन्या मदतीच्या योजनेत, ब्रिटनकडे आलेलं, बर्कनहेडहून दारूगोळा आणि विमानं भरून निघालेलं, कराचीत वर कापसाच्या गाठी चढवलेल्या. चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि त्याच पोटात कापूस! आज आमच्याकडे असली स्टोवेज, म्हणजे मालाची मांडणी, कुणी पास करणार नाही. पण तेव्हा जहाजाची जागा इतकी महाग झाली होती की जे मिळेल ते भरा असं चाललं होतं. मुंबईत शेकड्यांनी माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून तर आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. अटलांटिकची लढाई म्हणजे कुठेतरी लांब आईसलंडकडे असं वाटतं ना, तिचं एक टोक आपल्या माझगाव-मशीदबंदरला येऊन लागलं होतं.

गोव्याचंही येतं, मुरगावला मार्च १९४३ मध्ये पाणबुड्यांना खबर देतं असा संशय असलेलं एरेनफेल्स हे जर्मन जहाज, कलकत्त्याहून आलेले पोट सुटलेले साहेब लोक, रात्रीचा छापा. मस्त गोष्ट आहे, करा व्हिडिओ, पण प्लीज "या छाप्याने पाणबुड्यांचं कंबरडं मोडलं" असं थंबनेल टाकू नका. कंबरडं कुठे आणि कशाने मोडलं ते वर लिहिलंय.

आता रशियाबद्दल. इथे तुमच्यात दोन पार्ट्या आहेत आणि कमेंटमध्ये रोज मारामारी होते, एक म्हणते सगळं रशियानेच केलं, दुसरी म्हणते अमेरिकेच्या मालाशिवाय रशिया संपलाच असता. मला वाटतं दोघंही अर्धं सांगतात. जर्मन सैन्याचे बहुतेक मृत्यू पूर्व आघाडीवरच झाले, सोव्हिएत बाजूची २.७ कोटी माणसं गेली, या आकड्यापुढे बाकी कुणी तोंड उघडू नये. १९४१ मध्ये जर्मन फौजा येत असताना त्यांनी दीड हजारावर मोठे कारखाने उचलून उरलकडे आणि त्याच्याही पलीकडे नेले. स्टालिनग्राडला १९ नोव्हेंबर १९४२ पासून जर्मनांना वेढा घातला तो त्यांनीच, आणि तोही थंडीने नाही, दोन्ही बाजूंच्या कमकुवत रोमानियन फौजा हेरून, दोनेक महिने गुपचूप तयारी करून. तिथून पुढे हीच फौज बर्लिनपर्यंत दोन हजारांहून जास्त किलोमीटर गेली. पण गेली कशावर, तर त्यात अमेरिकेच्या चार लाखांच्या आसपास ट्रक-जीपचा मोठा वाटा होता. १९४४ च्या २२ जूनला बाग्रातिओन ही रशियाची मोठी चढाई सुरू झाली आणि जर्मनीचा मधला अख्खा आर्मी ग्रुप काही आठवड्यांत कोसळला, पळणाऱ्या शत्रूच्या पुढे जाऊन रस्ता अडवायचा तर चाकं लागतात, ती बरीचशी अमेरिकेची होती. माणूस त्यांचा, ट्रक यांचा, यात कुणाचा अपमान कुठे आला?

आणि अमेरिकेचा हा सगळा माल पोचला कसा ते तर अजून भारी. आर्क्टिकच्या कॉन्व्हॉयचं नाव सगळे घेतात, १९४२ मध्ये पीक्यू १७ ची ३५ पैकी २४ जहाजं गेली वगैरे. पण जवळजवळ निम्मा माल गेला व्लादिवोस्तोकला, जपानच्या नाकासमोरून! जपान आणि रशियाचा एप्रिल १९४१ चा करार होता एकमेकांवर हल्ला न करण्याचा, त्यामुळे अमेरिकेत भरलेली पण रशियाचा झेंडा लावलेली जहाजं युद्धभर तिथून जात राहिली, आणि जर्मनीचा हा दोस्त ती बघत राहिला. इथे कळतं की अक्ष राष्ट्रं ही आघाडी होती कुठे? मुसोलिनी ग्रीसमध्ये घुसला हिटलरला न सांगता. पर्ल हार्बर कधी होणार हे जपानने बर्लिनला सांगितलं नाही. तिघांचा एकत्र बसून नकाशावर प्लॅन झालाय असं कधी झालंच नाही.

याउलट ही बाजू. पर्ल हार्बरला तीन आठवडे होत नाहीत तर चर्चिल वॉशिंग्टनला जाऊन बसलेला, दोन्ही देशांच्या सेनाप्रमुखांची एक कायमची कमिटी, आणि ठरलं काय तर आधी जर्मनी, नंतर जपान. अमेरिकेला जपानने मारलं होतं, लोक जपानवर खवळलेले, तरी आधी जर्मनी. याचा अर्थ हे प्रेमाने नांदत होते असा नाही हं, भांडणं तर विचारू नका. स्टालिन दोन वर्षं ओरडतोय की पश्चिमेला आघाडी उघडा, अमेरिकेचा सेनाप्रमुख मार्शल म्हणतोय लगेच फ्रान्स, ब्रिटनचा सेनाप्रमुख ब्रुक म्हणतोय आधी भूमध्य समुद्र. पण भांडण शेवटी जहाजांवर येऊन थांबायचं, किनाऱ्यावर रणगाडे उतरवणाऱ्या जहाजांची संख्याच मोजकी होती, आणि त्यापायी दक्षिण फ्रान्सवर उतरायचं जून १९४४ वरून १५ ऑगस्टवर ढकललं. एकमेकांवर विश्वास नसताना एकाच तक्त्यावर आपापली जहाजं मांडायची आणि मग वाटून घ्यायची, हे मला कुठल्याही एका लढाईपेक्षा मोठं वाटतं.

पण हे वाटप सांगायचं तर पूर्ण सांगा, आणि इथे मला तुमच्यातल्या "दोस्त राष्ट्रं म्हणजे देवदूत" वाल्यांशीही बोलायचंय. १९४३ च्या जानेवारीत चर्चिलने हिंदी महासागरातली जहाजं मोठ्या संख्येने काढून अटलांटिककडे वळवली. वर ज्या मेच्या विजयाचं मी कौतुक केलं त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला, त्यात अंदाजे तीस लाखांच्या घरात माणसं भूक आणि साथींनी मेली. ब्रह्मदेशचा तांदूळ गेला होता, पूर्व बंगालच्या होड्या सरकारनेच जप्त केल्या नाहीतर मोडल्या होत्या, भाव भडकले होते, कारणं बरीच आहेत, पण धान्याला जहाजं द्या म्हणून दिल्लीहून मागणी गेली तेव्हा लंडनच्या मंत्रिमंडळाने हात आखडला हेही खरंच आहे. तो तक्ता होता ना, त्यात बंगालचा नंबर शेवटी लागला. आणि आपले नेते तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात. हे वगळून दोस्त राष्ट्रांच्या विजयाची गोष्ट मराठीत सांगता येत नाही, सांगूही नये.

त्याच देशाचे २५ लाख जवान मात्र या बाजूने लढत होते. इम्फाळ-कोहिमा घ्या, मार्च ते जुलै १९४४. जपानी सेनापती मुतागुची तीन आठवड्यांच्या शिध्यावर डोंगर ओलांडून आला, हिशोब असा की ब्रिटिशांची कोठारं लुटून पुढचं खाऊ. ब्रिटिश सेनापती स्लिमने इम्फाळ सोडलंच नाही, ब्रह्मदेशच्या किनाऱ्याकडच्या अराकानवरून अख्खी पाचवी भारतीय डिव्हिजन विमानाने आणली, खेचरांसकट, आणि वेढ्यात अडकलेल्यांना तांदूळ, गोळ्या, औषध सगळं डकोटा विमानांतून. मलेरियाची गोळी घेतली नाही तर शिक्षा! २२ जूनला वेढा फुटला, तोवर समोरची जपानी फौज उपाशी होऊन सडत होती. त्यांच्याबरोबर आझाद हिंदचे आपलेच लोक होते, तेही उपाशी, ते देशासाठीच आले होते. ही गाठ मला सोडवता येत नाही, तुम्हीही एका वाक्यात सोडवू नका.

आणि इटलीत यशवंत घाडगे, माणगावकडचे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, टायबरच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यावर रील्स आहेत, चांगली आहेत. पण एकातही सांगत नाहीत की ते इटलीत होते कशाला. जर्मन डिव्हिजन तिकडे अडकवून ठेवायच्या, म्हणजे फ्रान्समध्ये तेवढ्या कमी. महिनाभर आधी नॉर्मंडीला माणसं उतरली होती, पंधरा-अठरा दिवसांपूर्वी रशियाकडून बाग्रातिओन सुटलं होतं, आणि हा रायगडचा नाईक त्याच ओढाताणीतली तिसरी दोरी ओढत होता. एवढं एक वाक्य टाकलं तर त्या रीलची उंची वाढेल.

म्हणून मागणं एवढंच. पुढच्या सीझनला हिटलरच्या चुका नकोत, त्या आता आम्हाला पाठ आहेत. लिव्हरपूलच्या त्या खोलीपासून सुरू करा. मग लिबरेटर विमानांवरचं भांडण, मग बेल्जियमचं अँटवर्प बंदर, ते सप्टेंबर १९४४ च्या सुरुवातीला हातात आलं आणि खाडीच्या तोंडाशी जर्मन बसलेले असल्यामुळे नोव्हेंबर संपेपर्यंत तिथे मोठा माल उतरवता आला नाही, त्यावर तर मी स्वतः तासभर बोलू शकतो. जहाज, बर्थ, क्रेन, टनेज यातलं काही अडलं तर बिनधास्त कमेंटमध्ये विचारा, आमच्या लाइनमधली जुनी खोडं अजून आहेत, त्यांना विचारून सांगतो. व्ह्यूज कमी येतील म्हणाल, तर थंबनेलवर त्या खडूवाल्या मुली आणि शेजारी तोंड पाडलेला अ‍ॅडमिरल ठेवा, बघतात की नाही बघू.

तुमचा,
रोज रात्री साडेदहाला बघणारा एक सबस्क्रायबर